शेवटची सोळा पानं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. "अप्पा, तुमच्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहून द्या," असं ते म्हणाले. खेड्यातल्या वाचनालयात उभी हयात घालवलेल्या माणसाकडं गमती किती साठणार? धूळ साठते. ती मात्र भरपूर साठली आहे, अजून खोकल्यातून निघते. तरी हो म्हणालो. एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती गमतीदार नाही. संपादकांना पटली नाही तर त्यांनी खुशाल परत पाठवावी. परत आलेलं जमा करून घेण्यातच माझा जन्म गेला आहे.

आमचं वाचनालय लोहारा आणि उमरगा यांच्या मधल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्यांत. सरकारदरबारी वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. आमचा वर्ग कायम ड. आमच्या खाली कुणी नव्हतं, त्यामुळं खाली घसरण्याची भीतीही नव्हती. मी तिथला ग्रंथपाल, कारकून, शिपाई आणि झाडूवाला. लोकांना वाटतं ग्रंथपाल म्हणजे दिवसभर फुकट वाचत बसणारा माणूस. खरं काम वेगळंच असतं. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यायचा, पहिल्या पानावर शिक्का मारायचा, आणि आत एका ठरलेल्या पानावर गुपचूप दुसरा शिक्का मारायचा. चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आपलं आहे हे सिद्ध करता यावं म्हणून. मग ते पुस्तक फाटेपर्यंत सांभाळायचं. फाटलं की शिवायचं, आणि शिवण्यापलीकडं गेलं की त्याची यादी करून मंजुरी मागायची आणि नोंदवहीत लाल शाईनं आडवी रेघ मारायची. याला निर्लेखन म्हणतात. ग्रंथपालाचा सुतकाचा दिवस तो.

वाचक नाना तऱ्हेचे. हायवेवर ट्रक चालवणारा एकजण हैदराबादला जाताना तीन रहस्यकथा न्यायचा आणि पंधरा दिवसांनी डिझेलचा वास लावून परत आणायचा. पण एकही पान कधी दुमडलं नाही त्यानं. उलट गावातले एक प्रतिष्ठित व्यापारी, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, रोज शिवपूजा करून येणारे, त्यांना एक खोड होती. रहस्यकथा वाचून झाली की पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचे. मी हात जोडून सांगितलं, मालक, असं करू नका. तर म्हणाले, "पुढच्याचा येळ वाचतो की." ते गेल्यावर मी आठवडाभर खोडरबर घेऊन बसलो होतो. पुढच्या माणसाला शेवट आधी कळू नये यासाठी मी एवढा झिजलो, आणि एका पोरीच्या बाबतीत मात्र मी काय करून बसलो, तेच आता सांगायचं आहे.

ती पोरगी म्हणजे सुवर्णा. बाप आडतीवर हमाल. आई पलीकडची, कर्नाटकातली. घरात पोरीशी कानडीच बोलायची. सुवर्णा सहावीत असताना एक दिवस आई निघून गेली. बाप आईला मारायचा, हे सगळ्या आळीला माहीत होतं. कुणी म्हणायचं कलबुर्गीला गेली, कुणी म्हणायचं हैदराबादला. आणखीही पुष्कळ बोलायचे, ते इथं लिहीत नाही. आई गेल्यावर ही पोरगी शाळा सुटली की वाचनालयात येऊन बसायला लागली. घरी काय करणार एकटी? मुलांच्या कपाटात साठेक पुस्तकं होती, ती तिनं चार महिन्यांत संपवली. मोठेपणी शिक्षिका होणार म्हणायची, आणि वाचता वाचता समोर बाकावर नसलेल्या पोरांना दटावायची. एक दिवस कपाटाच्या तळातून तिनं ती कादंबरी काढली.

तिचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. मी तिच्याशी जे केलं ते त्या लेखकाच्या कानावर जाऊ नये, मग तो हयात असो वा नसो. तशी ती मूळ इंग्रजी. इंग्लंडच्या शेजारी वेल्स म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या जुन्या दंतकथांवर बेतलेली, किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेली. तिकडं म्हणे आजे वाचतात आणि मग नातवंडं वाचतात. आमच्याकडं कुण्या हौशी मास्तरानं केलेला तिचा मराठी अनुवाद देणगीत आला होता. कव्हर आधीच गेलेलं. तिकडची नावं मास्तरांनी तशीच ठेवली होती, ती वाचताना जीभ अडखळायची. पण गोष्ट मात्र पकडून ठेवणारी होती.

एका तळ्यातून एक बाई वर येते. मागं पांढऱ्या गाई, लाल कानांच्या. काठावरच्या शेतकऱ्याशी ती लग्न करते, पण अट घालते. विनाकारण तीनदा हात उगारलास तर मी परत जाईन. तो हो म्हणतो, आणि वर्षांमागून वर्षं जाताना तीनदा हात उगारतोच. तिसऱ्या फटक्यानंतर बाई एकेका गाईला नावानं हाक मारते आणि सगळं खिल्लार घेऊन तळ्यात चालू लागते. नांगराला जुंपलेले बैलसुद्धा नांगरासकट तिच्या मागं जातात. ही तिथली जुनी लोककथा. कादंबरी सुरू होते ती इथून पुढं, आणि सांगते तिची तेरा वर्षांची मुलगी. ती आईला शोधायला पाण्याखालच्या मुलखात उतरते. तिथं लाल कानांचे शिकारी कुत्रे आहेत. एक कढई आहे, तिच्यात मेलेला माणूस घातला तर जिवंत होतो, पण पुन्हा बोलू शकत नाही. सगळं भोगून मुलगी एकटीच वर येते, पहाटे काठावर उभी राहते आणि आईला हाक मारते. "पाणी हललं आणि" असे शब्द आहेत. तिथं पान संपतं.

पुढं काही नव्हतंच. पुस्तक सोळा-सोळा पानांचे गठ्ठे शिवून बनतं. एका गठ्ठ्याला फॉर्म म्हणतात. शिवण उसवली की शेवटचा फॉर्म सगळ्यात आधी गळून पडतो. आमच्या प्रतीचा शेवटचा फॉर्म देणगीत येण्याआधीच कुठं तरी पडला होता.

सुवर्णा दुसऱ्या दिवशी पुस्तक छातीशी धरून माझ्या टेबलापुढं उभी राहिली.

"अप्पा, पुढचं कुठंय?"

"पडलंय ते. नाही आपल्याकडं."

"मग तिची आई आली का न्हाय?"

"मला कसं ठाऊक असणार? मी पण तेवढंच वाचलंय."

"तुमी लायब्ररीवाले, तुमाला ठावं न्हाय?" असं म्हणून ती तशीच उभी राहिली. त्या पोरीच्या डोळ्यांकडं बघून मी म्हणालो, "आणतो उतरवून."

हे उतरवून आणणं आमच्या धंद्यातली जुनी रीत. झेरॉक्स गावोगावी नव्हती तेव्हा आम्ही फाटक्या पुस्तकांची गेलेली पानं दुसऱ्या वाचनालयातल्या प्रतीवरून हातानं लिहून आणायचो आणि बाइंडरकडून मूळ पुस्तकात शिवून घ्यायचो. माझं अक्षर चांगलं, त्यामुळं आजूबाजूची वाचनालयंसुद्धा माझ्याकडून पानं उतरवून घ्यायची. याचा मला अभिमान होता. आजही आहे, का खोटं बोलू.

उमरग्याला त्या कादंबरीची एक प्रत असल्याचं कळलं होतं. जीपनं गेलो. तिथल्या ग्रंथपालानं कपाट उघडून दाखवलं. वाळवीनं आतून पुस्तक पोखरून नेलं होतं, हातात घेतलं तर भुगा पडला. प्रकाशकाला कार्ड टाकलं. ते पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं. इकडं पोरगी रोज येऊन विचारायची, "आणलं का, अप्पा?" तिसऱ्या आठवड्यात मी तिला खरं सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर फुलस्केप कागद घेतले, आडवे कापले, आणि शेवट स्वतःच लिहिला.

माझ्या शेवटात पाणी हलतं आणि आई वर येते. मागं सगळ्या गाई. ती काठावर पाय ठेवते, मुलीला जवळ घेते, घरी येते, चूल पेटवते. बाप पाया पडतो. वेल्समधल्या त्या बाईला मी ज्वारीची भाकरी थापायला लावली नाही एवढंच, बाकी सगळं आमच्या गावचं होतं. आणि आईच्या तोंडी मी एक वाक्य घातलं. मला ते फार छान सुचलं असं वाटलं होतं. आई म्हणते, "तू इथंच थांबलीस, म्हणून मला घर सापडलं."

मोजून सोळा पानं भरली. वर पानांचे आकडे टाकले. ठरलेल्या पानावर शिक्कासुद्धा मारला.

उमरग्याचे रज्जाकभाई माझे बाइंडर. पुस्तक शिवताना ते अधूनमधून वाचायचे, हे मला माहीत नव्हतं. न्यायला गेलो तेव्हा म्हणाले, "अप्पा, अक्षर तो एकदम छापल्यासारखं. पन ती बाई लई जल्दी घरी आली."

मी पुस्तक उलटंपालटं करून शिवण बघत राहिलो. ते डिंकाचा ब्रश पुसत म्हणाले, "मेरेकू क्या, मी शिवनारा मानूस." नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. आता ते नाहीत.

सुवर्णानं तिथंच बाकावर बसून ती पानं वाचली. वाचून झाल्यावर हसली नाही की रडली नाही. "आली," एवढंच म्हणाली आणि पुस्तक परत करून उड्या मारत घरी गेली. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की वाटेत पावशेर पेढे घेऊन घरी गेलो.

पुढच्या उन्हाळ्यात ती सातवी पास झाली. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं लोहाऱ्याला जायचं तर जीपचा प्रवास, आणि बाप पोरीला जीपनं पाठवायला तयार नव्हता. तिची मावशी येडशीला राहायची, रेल्वे स्टेशनच्या बाजूला. नवरा चांगला, घरात मुलगी नाही. ती न्यायला आली. बाप हो म्हणाला. पोरगीच म्हणाली, जायचं नाही.

मावशी वाचनालयात आली. दमून गेली होती बिचारी. "अप्पा, तुमचं ऐकती ती. समजावून सांगा की जरा. लई हट्टाला पेटलीया. म्हनती, आई आली अन् म्या हितं नसले तर तिला घर कसं घावंल?"

हे माझंच वाक्य होतं, फक्त पोरीच्या बोलीत. समजावतो म्हणून मावशीला वाटेला लावलं. संध्याकाळी सुवर्णाच्या घरी गेलो. अंगणात ती पाणी भरत होती. मी सांगायला लागलो, शिक्षण किती महत्त्वाचं, मावशी किती प्रेमळ, येडशीची शाळा किती चांगली, जवळच रामलिंगाचं देऊळ, तिथं माकडं आहेत. ती कळशी खाली ठेवून म्हणाली, "अप्पा, तुमी वाचलंय की. ती थांबली म्हनून आईला घर घावलं. पुस्तकात हाय."

मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. ते मी लिहिलंय, पोरी, पुस्तकात तसं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण बाप ओट्यावर बसला होता, शेजारीण भिंतीवरून बघत होती. अप्पांनी पुस्तकात खोटं घुसडलं, वर सरकारी शिक्का मारला, हे गावात झालं असतं. माझी अब्रू म्हणजे माझं अक्षर आणि माझा शिक्का, दुसरं काय होतं माझ्याकडं? मी म्हणालो, "गोष्ट वेगळी, आपलं वेगळं." तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पुस्तकांचा माणूस असून असं कसं म्हणतो. मग मी घरी आलो.

मावशी एकटीच परत गेली. सुवर्णा दोन वर्षं घरी बसली. शेतावर मजुरीला जायची, शेणी थापायची, बापाला डबा न्यायची. वाचनालयात येणं हळूहळू बंद झालं. मी खिडकीतून तिला डोक्यावर भारा घेऊन जाताना बघायचो आणि नोंदवहीत डोकं घालायचो. मग दोन वर्षांनी एक दिवस कळलं, ती येडशीला गेली. मावशीनं कसं वळवलं कुणास ठाऊक, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो आणि सुटलो.

तिनं दहावी केली, एसटीत लागली. आता ती आमच्याच बाजूच्या गाड्यांवर कंडक्टर आहे. चाळिशीला आली. नवरा आहे, दोन मुलं आहेत. मी उमरग्याला दवाखान्यात जातो तेव्हा निम्म्या वेळा तिचीच गाडी असते. "अप्पा, बसा इथं, ऊन न्हाय येत," म्हणून बाजूची जागा करून देते. इतक्या वर्षांत त्या पुस्तकाचा विषय ना तिनं काढला ना मी. एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख मी लिहिला नसता.

यंदा वाचनालयाच्या नव्या मंडळींनी निर्लेखन काढलं. माझ्या जागी आलेली पल्लवी हुशार आहे, पण जुन्या नोंदी तिला लागत नाहीत, म्हणून मला बोलावलं. दोघं मिळून यादी करत होतो. तळाच्या कपाटातून ती कादंबरी निघाली. पल्लवीनं चाळली आणि म्हणाली, "अप्पा, शेवट हातानं लिहिलाय! किती सुंदर अक्षर. यादीत घालू का?"

मी म्हणालो थांब. घरी नेली. म्हातारपणी पुन्हा वाचली. तरुणपणी मला ती जादूची गोष्ट वाटली होती. आता कळलं की ती मार खाल्लेल्या बाईची गोष्ट आहे, आणि मागं राहिलेल्या पोरीची. कढई आणि कुत्रे मुलांसाठी, आतलं सगळं मोठ्यांसाठी. वाचत "पाणी हललं आणि" पर्यंत आलो. पुढं माझं अक्षर. माझीच पानं मला वाचवेनात. सगळे शब्द गोडमिट्ट. ज्यानं सबंध कादंबरी लिहिली त्याच्या पानांशेजारी ही पानं शिवताना मला लाज कशी वाटली नाही?

पल्लवीला विचारलं, खरा शेवट कुठं मिळेल का. मला वाटलं नव्हतं. तिनं फोनवर तासभर खटपट केली आणि कुणी तरी जुन्या मराठी पुस्तकांचे फोटो काढून इंटरनेटवर ठेवले आहेत, त्यात ही सापडली. पूर्ण. मधली सगळी वर्षं मी शोधलं नव्हतं. एकदा लिहून झाल्यावर खरं सापडायचीच भीती बसली होती. पल्लवीनं शेवटची सोळा पानं छापून दिली.

पाणी हलतं आणि आई वर येते. इथपर्यंत माझं बरोबर होतं. पण ती कमरेपर्यंतच वर येते. काठावर पाय ठेवत नाही. मुलगी हात पुढं करते. आई तिला झाडपाल्याची औषधं सांगते, कुठल्या रोगावर कुठलं पान, आणि मग म्हणते, तू रोज इथं उभी राहिलीस तर मला रोज वर यावं लागेल, आणि तुझं सगळं आयुष्य या काठावर जाईल. म्हणून मी पुन्हा येणार नाही. जा. लोकांत जा. मुलगी चालू लागते, आणि कादंबरी संपते.

मी ते छापील कागद पुन्हा वाचले. पोरीला जे हवं होतं ते त्या सोळा पानांत होतं. आईच तिला जा म्हणत होती. लेखकानं आईला पाठवलं होतं ते मुलीला मोकळं करायला. मी तिच्या जागी जी आई बसवली तिनं मुलीला खुंटीला बांधून ठेवलं. हे मी मायेपोटी केलं म्हणण्यात अर्थ नाही. मायेपोटीच केलं, आणि वाईट केलं.

चार दिवस विचार केला. गप्प बसता आलं असतं, सवय होती. पण आता थकलोय, आणि थकल्या माणसाला ओझं सोसवत नाही. पाचव्या दिवशी सकाळी कागद पिशवीत घालून तिच्या गाडीत बसलो. उमरगा स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबते. माणसं उतरली. ती कंट्रोलरूममध्ये नोंद करून आली, दारातल्या पायरीवर बसून चहा घ्यायला लागली. मी तिच्या हातात कागद दिले.

"काय हो हे, अप्पा?"

"त्या तळ्यातल्या बाईच्या पुस्तकाचा शेवट. खरा. तुला दिला होता तो मी लिहिला होता."

चहाचा कप बाजूला ठेवून ती वाचायला लागली. ड्रायव्हर येऊन काही विचारून गेला, तिनं नुसतीच मान हलवली. मी समोर उभा. गुडघे दुखत होते, पण तिच्याशेजारी बसायचं धाडस झालं नाही. वाचून झाल्यावर तिनं शेवटचं पान पुन्हा वाचलं.

"तुमचं अक्षर होतं ते ठावं होतं," ती म्हणाली. "गोष्ट पन तुमची होती, हे न्हाय ठावं."

"माझ्यामुळं तुझी दोन वर्षं गेली, सुवर्णा. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. भ्यालो."

तिनं कागद सारखे करून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "आई आली होती."

मला वाटलं ती पुस्तकातलं सांगते आहे.

"माझी आई हो. दुसऱ्या वर्षी. दुपारची येळ, बाप आडतीवर. म्या अंगनात शेंगा फोडत होते. दारात उभी राहिली अन् म्हनली, ऊट आयता?"

माझ्या घरीही कानडी आहे. जेवलीस का, असा त्याचा अर्थ.

"तासभर बसली. डोकं विंचरलं, येनी घातली. म्या वाट बघत होते, आता उठंल, चूल पेटवंल. तुमच्या पानात तसंच होतं न्हवं? तर उठली अन् चपला घातल्या. गळ्यात दुसरं मंगळसूत्र होतं, अप्पा. मला उशिरा दिसलं. कुनाला सांगू नको म्हनली. न्हाय सांगितलं. चार दिसांनी मावशीला निरोप धाडला, येऊन घिऊन जा मला."

म्हणजे मावशीनं वळवलं नव्हतं. सगळ्या गावाला जे माहीत होतं ते खोटं होतं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनानं लबाडी केली. मला सुटल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "मग तू थांबलीस म्हणून तरी तुझी तिची भेट झाली."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, पण मला तोंडावर पाणी मारल्यासारखं झालं.

"झाली. तासाची. अन् येडशीला बारक्या पोरींत जाऊन बसले, तवा त्या हसायच्या. म्हशी म्हनायच्या मला. धावी झाली, पुढं डीएड करायचं ते ऱ्हायलंच, वय निघून गेलं. हे वाचलं असतं तर पयल्याच वर्षी गेले असते." तिनं कागदांवर हात ठेवला. "अन् आई आली तवा घराला कुलूप असतं. दोन्ही खरं हाय. तुमी त्यातलं एकच धरू नका."

मी मान हलवली. कंट्रोलरनं शिट्टी मारली, माणसं चढायला लागली. ती उठली, गणवेश झटकला, कागद माझ्याकडं परत दिले.

"पुस्तकात हे लावा. माझ्यासारखी कुनी आली वाचायला तर तिला हेच मिळू द्या."

"लावतो. माझी पानं फाडून टाकतो."

"फाडू नका," ती घाईनं म्हणाली. "ती मला द्या. दुसऱ्या कुनाला देऊ नका."

गावी येऊन पल्लवीला सांगितलं, पुस्तक निर्लेखनाच्या यादीत घालू नको. तिच्याकडून ब्लेड घेतलं आणि शिवणीचा दोरा कापला. रज्जाकभाईंची शिवण, सहज सुटेना. सोळा पानं निघाली तेव्हा कडेला डिंकाचा पिवळा पट्टा होता, बाकी कोरी करकरीत. वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि त्यांच्या जागी खरी छापील पानं शिवली. दुसऱ्या दिवशी गाडीत चढताना दारातच तिच्या हातात दिली. तिनं उघडून बघितली नाहीत. तिकिटांच्या चामडी पिशवीत सगळ्यात खाली ठेवली, बंद लावला, आणि म्हणाली, "अप्पा, पुढं सरका, मागं मानसं उभी हायेत."

मी पुढं सरकलो.